यात कोन कोन आलं हाये?

काही अल्बम ऐकण्याआधी वाचावेसे वाटतात. मुखपृष्ठावर एखाद-दोन नावं असतात आणि आतला कागद उलगडला की बारीक अक्षरांत सगळी वस्ती दिसू लागते. 'ब्रीदिंग अंडर वॉटर' हा त्यांपैकी एक. २००७ साली आलेल्या या अल्बमवर नावं दोघांची आहेत, अनुष्का शंकर आणि कर्ष काळे. आत मात्र स्टिंग आहेत, नोरा जोन्स आहेत, शंकर महादेवन आणि सुनिधी चौहान आहेत, विश्वमोहन भट्ट आहेत, दिल्लीचे 'मिडिवल पंडित्झ' आहेत आणि खुद्द पंडित रविशंकरही आहेत. रॉकचे ड्रम्स, संगणकावर घडवलेले ठोके, तंतुवाद्यांचा मोठा ताफा, आणि या सगळ्यांतून आपली वाट काढत जाणारी सतार.

मी तो वाशिममध्ये ऐकते. न्यूयॉर्क, लंडन, मुंबई या शहरांच्या आवाजांनी भरलेलं हे संगीत इथल्या संध्याकाळी उपरं वाटेल, असं कोणालाही वाटावं. बालाजीच्या देवळातली आरती, पद्मतीर्थाकडून येणारा वारा, बाजार समितीतून परतणारे ट्रॅक्टर, आणि कानात स्टिंग. पण मला ते कधीच उपरं वाटलं नाही. का वाटलं नाही, हे शोधताना मी या मातीतल्या फार जुन्या एका सवयीपर्यंत जाऊन पोहोचले.

पाहुण्या गायकांनी भरलेल्या अल्बमवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. इतक्या जणांना बोलावलं, मग तुमचं स्वतःचं त्यात काय? प्रत्येक गाणं वेगळ्या गळ्यातलं, प्रत्येकाची ढब वेगळी. याला अल्बम म्हणायचं की जत्रा? हा आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात कलावंताचं एक चित्र पक्कं असतं. एक माणूस, एक आवाज, एक सही. मला वाटतं, हे चित्र फार अपुरं आहे. कोणाला बोलवायचं, कुठे बसवायचं, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, आणि तो गात असताना आपण किती गप्प राहायचं, हे ठरवणं हीसुद्धा सहीच आहे. मला तर ती अधिक अवघड सही वाटते.

कर्ष काळे यांच्याकडे पाहिलं की हे स्पष्ट होतं. पूर्ण नाव उत्कर्ष. मराठी घरातला हा मुलगा १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिचला जन्मला आणि अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ वाढला. हातात तबला आणि ड्रम्स दोन्ही. पुढे बिल लास्वेल आणि झाकीर हुसेन यांच्या 'तबला बीट सायन्स' या चमूत तो वाजवू लागला. २००१ मध्ये 'रिअलाइज', २००३ मध्ये 'लिबरेशन', २००६ मध्ये 'ब्रोकन इंग्लिश' असे त्याचे स्वतःचे अल्बम आले. 'ब्रोकन इंग्लिश'मध्ये तर रॉक आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकमेकांत पुरतं मिसळलं, आणि इंग्रजी गाण्यांसाठी निरनिराळे गळे एकापाठोपाठ आले. न्यूयॉर्कमध्ये गझल गाणाऱ्या विशाल वैद यांच्यासारखा आवाज तर काळे यांच्या संगीतात पुन्हा पुन्हा भेटतो.

मुळात हा तालाचा माणूस आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे तबलजीचं आयुष्य संगतीत जातं. गायक समेवर कधी येणार, सतारिया तिहाई कुठून उचलणार, कुठे ठेका भरायचा आणि कुठे नुसता धरून ठेवायचा, हे त्याला दुसऱ्याच्या श्वासावरून ओळखावं लागतं. म्हणजे वाजवण्याआधी त्याला ऐकायला शिकावं लागतं. असा माणूस जेव्हा स्वतःच्या नावाचं घर बांधतो, तेव्हा त्या घरात सगळ्यात मोठी खोली दुसऱ्यांसाठी असणार, हे ओघानंच आलं. 'ब्रीदिंग अंडर वॉटर' मला म्हणूनच संगतकाराचा अल्बम वाटतो. दुसऱ्याला मोठं करत करत जो मोठा झाला, त्याचं हे काम आहे.

आणि त्या घरात काय काय घडतं! अनुष्का आणि नोरा या एकाच वडिलांच्या, पंडित रविशंकर यांच्या, पण वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या मुली. एकीची सतार, दुसरीचा जॅझच्या सावलीत वाढलेला गळा. 'इझी' या गाण्यात त्या दोघी एकत्र येतात. थोरलीचा आवाज जवळ येऊन, हळू, कानाशी बोलल्यासारखा येतो. धाकटीची सतार त्याच्या कडेकडेनं चालते. पुढे 'ओशनिक'मध्ये वडील येतात; अल्बम आला तेव्हा त्यांचं वय ८७ होतं. वडील आणि दोन मुली एका अल्बमवर आहेत, पण एका गाण्यात नाहीत. ज्या कुटुंबाचं सगळं जगाला ठाऊक आहे, त्याला एका जागी आणूनही प्रत्येकाला आपापली खोली देणं, यात यजमानाचं केवढं शहाणपण आहे! 'सी ड्रीमर'मध्ये स्टिंग गातात. लाखोंच्या मैदानात गाजलेला तो आवाज इथे सतारीसाठी दोन पावलं मागे सरून उभा राहिलेला ऐकू येतो.

हे मागे सरणं नुसतं सौजन्य नसतं, ती ध्वनीची गरज असते. आजच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक आवाज स्वतंत्र पट्टीवर घेतला जातो. आधी पायाचे ठोके, त्यावर बास, मग सुरांचे थर. गायक कदाचित दुसऱ्या शहरात, कानाला हेडफोन लावून, समोर कोणीही नसताना आपला भाग गातो. मग खरं काम सुरू होतं. माणसाच्या आवाजातली स्पष्टता ज्या कंपनांच्या पट्ट्यात असते, त्याच पट्ट्यात सतारीचा झणकारही असतो. दोघांना तसंच सोडलं तर दोघंही गढूळ होतात. म्हणून गायक गात असतो तेव्हा सतारीचा तेवढा पट्टा हलकेच कमी केला जातो. गायक थांबला की तो परत भरला जातो. इलेक्ट्रॉनिक संगीतात तर एक रचना अशी असते, की मोठा ठोका पडला की बाकीचे सूर आपोआप क्षणभर खाली जातात आणि लगेच वर येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं श्वास घेतंय. प्रत्यक्षात एक आवाज दुसऱ्याला जागा देत असतो, मिनिटाला शंभरएक वेळा.

आमच्या भागात सोयाबीनच्या तासांमध्ये तुरीचं तास घालतात. सोयाबीनची मुळं वरवर पसरतात, तुरीचं मूळ खोल जातं. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जातं आणि तूर त्यानंतर मोकळ्या रानात फुलावर येते. एकाच वावरात दोघी नांदतात, कारण कोणी किती खोल जायचं आणि कोणी कधी पिकायचं, हे पेरतानाच ठरलेलं असतं. अल्बमचं मिश्रण करणारा माणूस हेच करतो. भांडण मिटवत बसत नाही. भांडण होणार नाही अशी पेरणी करतो.

यजमानाविषयी इतकं बोलल्यावर पाहुण्याविषयी बोलायला हवं. दुसऱ्याच्या घरात जाऊन आपला आवाज न हरवणं आणि त्याचं घरही न मोडणं, ही वेगळी विद्या आहे. मराठी मुलखानं ही विद्या जगाला दिली ती आशा भोसले यांच्या रूपानं. सांगलीजवळच्या गोअर गावात १९३३ साली जन्मलेल्या आशाबाई चित्रपटसंगीतात अढळ झाल्यावरही परक्या अंगणात गेल्या. १९९१ मध्ये बॉय जॉर्ज यांच्या 'बो डाऊन मिस्टर'मध्ये त्यांचा आवाज आहे. २००५ मध्ये क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर त्यांनी राहुलदेव बर्मन यांची गाणी नव्यानं गायली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

माझ्या मनात मात्र घर करून आहे २००२ चा 'वन जायंट लीप'. जेमी कॅटो आणि डंकन ब्रिजमन हे दोघं लॅपटॉप आणि ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन देशोदेशी फिरले. एका देशात कोणी ताल द्यायचा, दुसऱ्या देशात कोणी त्यावर गायचं, तिसऱ्या ठिकाणी आणखी कोणी त्यात भर घालायची. सेनेगलचे बाबा माल, जमैकाचे होरेस अँडी, इंग्लंडचे रॉबी विल्यम्स, स्वीडनमध्ये जन्मलेल्या नेने चेरी असे कितीतरी गळे त्यात आहेत. 'द वे यू ड्रीम' या गाण्यात आशाबाई आहेत आणि अमेरिकेच्या 'आर.ई.एम.' या रॉक बँडचे मायकल स्टाइप. एकाचा इंग्रजी आवाज सपाट रस्त्यासारखा सरळ जातो. आशाबाईंचा सूर येतो तो वळणानं, मींडेनं, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासारखं व्हायचा प्रयत्न करत नाही. आणि तरीही गाणं एकच राहतं. ते ऐकताना मला नेहमी वाटतं, एकोपा म्हणजे एकसारखेपणा हा गैरसमज आपल्या डोक्यात कुणी घातला?

एकदा घरात हाच अल्बम मोठ्यानं लावला होता. शेजारचे आजोबा ओट्यावर बसले होते. उमेदीच्या काळात ते गोंधळात संबळ वाजवत. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "पोरी, हे गानं कोनाचं व्हय?"

मी म्हटलं, "आजोबा, एकाचं नाही. पुष्कळ जणांचं आहे."

त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. "मंग यात कोन कोन आलं हाये?"

मला हवा असलेला प्रश्न हाच होता, आणि तो मला कोणत्याही संगीतसमीक्षेत सापडला नव्हता. गाणं कोणाचं, हे विचारलं की मालकी शोधावी लागते. कोण कोण आलं आहे, हे विचारलं की माणसं मोजावी लागतात. आजोबांना तो प्रश्न सुचला, कारण त्यांची सगळी कला त्या प्रश्नावर उभी होती. गोंधळात आधी चौक मांडतात, कलश बसवतात, दिवटी पेटवतात. संबळ आणि तुणतुणं लागतं. जागा तयार झाली की मग गोंधळी हाका मारू लागतो. माहूरगडापासून जेजुरीपर्यंतच्या देवदेवतांना, एकेकाचं नाव आणि त्याच्या नावाआधी त्याचं गाव घेऊन. कोणी वगळलं जाऊ नये म्हणून ती यादी लांबत जाते. गोंधळ्याचं मोठेपण त्या यादीत आहे, ती यादी तालात बांधण्यात आहे. तो स्वतः त्यात कुठेच नसतो आणि त्याच्याशिवाय त्यातलं काहीच नसतं. त्या रात्री मला कर्ष काळे यांच्या अल्बमचा आतला कागद नव्यानं वाचता आला.

मग मी आणखी मागे गेले, कारण वाशिममध्ये राहणाऱ्याला फार मागे जाता येतं. जिल्हा म्हणून वाशिम १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, पण गाव म्हणून तो वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म आहे. इथेच सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे वाकाटकांची ही शाखा अभ्यासकांसमोर आली. त्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा दानाचा मजकूर प्राकृतात. एकाच पत्र्यावर दोन भाषा, शेजारी शेजारी.

या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. तो राजा होता आणि कवीही होता. कृष्णानं सत्यभामेसाठी पारिजात आणला, त्या कथेवर त्यानं महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य लिहिलं. ती भाषा म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. ते काव्य आज उपलब्ध नाही. राजधानी गेली, राज्य गेलं, पोथी गेली. तरीही सर्वसेन आपल्याला माहीत आहे, कारण दुसऱ्यांनी त्याला आपल्या ग्रंथांत बोलावलं. काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त 'हरिविजया'चा उल्लेख केला. कुंतकानं त्याच्या रचनेतल्या सहज सौंदर्यासाठी त्याचं नाव कालिदासाच्या बरोबरीनं घेतलं. पुढे भोजानं त्याचे श्लोक आपल्या ग्रंथांत घेतले. वाशिमच्या राजाचा आवाज दीड हजाराहून अधिक वर्षं टिकला तो पाहुणा म्हणून.

आणि सर्वसेन ज्या भाषेत लिहीत होता, त्या भाषेतला सर्वांत मोठा ठेवा हाही पाहुण्यांनीच भरलेला आहे. 'गाथासप्तशती'वर नाव हाल सातवाहनाचं, पण गाथा अनेकांच्या. त्यात रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी अशा स्त्रियांची नावं परंपरेनं नोंदवली आहेत. वाकाटक राजांच्या नावावरही काही गाथा सांगितल्या जातात. पुढच्या शतकांत त्या संग्रहात नवे आवाज येत राहिले. जर्मन अभ्यासक आल्ब्रेख्त वेबर यांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या, तेव्हा सगळ्यांत सारख्या अशा गाथा सुमारे ४३०च भरल्या. बाकीच्या जागी दर पिढीनं, दर प्रांतानं आपापले पाहुणे बसवले होते. हालाचं नाव त्यामुळे पुसलं गेलं नाही. उलट नांगर धरणाऱ्यांचं, पाणवठ्यावर थांबणाऱ्यांचं, परगावी गेलेल्याची वाट पाहणाऱ्या बायकांचं जग ज्यानं एका ठिकाणी बोलावलं, तो म्हणूनच आपण त्याला ओळखतो.

गेलेल्यांनाही बोलावता येतं, हे आजच्या काळात 'गोरिलाझ'नं दाखवलं. डेमन अल्बर्न आणि जेमी ह्यूलेट यांनी १९९८ मध्ये उभा केलेला हा बँड चार रेखाटलेल्या पात्रांचा आहे. यजमानांचे चेहरे काल्पनिक, पाहुणे मात्र खरे. २०२५ मध्ये त्यांनी 'द माउंटन' हा अल्बम जाहीर केला. मुखपृष्ठावर देवनागरीत 'पर्वत' अशी अक्षरं होती. पाहुण्यांच्या यादीत आशा भोसले आणि अनुष्का शंकर होत्या, आणि बॉबी वोमॅक, टोनी अ‍ॅलन यांच्यासारखी या जगातून निघून गेलेली माणसंही, आधी मुद्रित करून ठेवलेल्या आवाजांतून. अल्बर्न आणि ह्यूलेट दोघांनीही त्या सुमारास आपले वडील गमावले होते. ती यादी वाचताना मला सर्वसेन आठवला. ज्याच्या आवाजासाठी कोणीतरी जागा राखून ठेवतं, तो संपत नाही.

पण जागा राखायची तर नावही राखावं लागतं. सर्वसेनाच्या वंशातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ वं लेणं कोरवलं. त्याचा लेख तिथे आजही आहे. ज्या हातांनी ते कोरलं आणि रंगवलं, त्या हातांची नावं तिथे नाहीत. गाथासप्तशतीच्या संग्राहकांना जे साधलं, ते दगडावर साधलं नाही. म्हणून अल्बमच्या आतल्या कागदावरची ती बारीक अक्षरं मला इतकी मोलाची वाटतात.

आमच्या जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला तिथे देशभरातून माणसं लोटतात. तिथल्या वारसा संग्रहालयाची इमारतच नंगाऱ्याच्या घाटाची आहे. प्रत्यक्ष नंगारा वाजतो तेव्हा तो आधी छातीला कळतो आणि मग कानाला. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक बासनं त्याच्यापुढे नम्र व्हावं. फागुनात तांड्यातांड्यांवर लेंगी रंगते, घोळक्यानं, डफाच्या तालावर. आता ठोके रचायला स्टुडिओ लागत नाही, एक फोन पुरतो. उद्या कारंज्याचा किंवा रिसोडचा कोणी मुलगा, मंगरूळपीरची कोणी मुलगी नंगारा, संबळ आणि गिटार एकत्र आणून अल्बम करील, तांड्यावरच्या म्हातारीकडून लेंगी गाऊन घेईल. मी त्या अल्बमची मनापासून वाट पाहते आहे. तो झाला पाहिजे, आणि तो इथूनच झाला पाहिजे.

त्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. म्हातारीचा आवाज नुसता मसाला म्हणून वापरू नका. 'लोकगीत' असं मोघम लिहून मोकळे होऊ नका. तिला हेडफोन लावून तुमचे ठोके आधी ऐकवा; ती म्हणेल तिथे ते खाली घ्या. तिला बिदागी द्या आणि मिळकतीत तिचा वाटा लिहून ठेवा. आणि आतल्या कागदावर, किंवा आता जिथे कुठे नावं लिहितात तिथे, तिचं नाव लिहा, नावाआधी तिच्या तांड्याचं नाव लिहा. गोंधळी देवाला हाक मारतानासुद्धा गाव विसरत नाही. माणसांच्या बाबतीत आपण ते का विसरावं?